पहाटेच्या धुनेमागील निर्वासित संगीतकार : वॉल्टर कॉफमन



बिलोली, देगलूर, धर्माबाद या भागात ज्यांचे बालपण गेले आहे, त्यांना पहाटे सहाच्या थोडे आधी रेडिओवर उमटणारी ती धून निश्चितच आठवत असेल. प्रथम तंबोऱ्याचा संथ, गंभीर नाद. त्यावर अलगद तरंगत येणारे व्हायोलिनचे स्वर. पुन्हा तंबोरा, पुन्हा तेच स्वर. परभणी केंद्राचा निवेदक बोलू लागेपर्यंत ती धून फिरून फिरून वाजत राही. घरातील मोठी माणसे तोवर सडा-सारवण उरकून मोकळी झालेली असत आणि आम्हा मुलांना त्या स्वरांनीच जाग येई. ती कोणी बांधली असेल, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नाही. चर्चची घंटा कोणी ओतली, असे तरी आपण कुठे विचारतो?

ही धून बांधणारे गृहस्थ मराठी नव्हते, भारतीयही नव्हते. ते बोहेमियातील एक ज्यू संगीतकार होते. नाझी राजवटीने युरोपातील त्यांचे घरदार, गुरू, रंगमंच आणि श्रोते हिरावून घेतले, तेव्हा मुंबईने त्यांना बारा वर्षे आसरा दिला. त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन. आकाशवाणीची धून कोट्यवधी भारतीयांच्या कानांत बसली, परंतु ती रचणाऱ्याचे नाव फार थोड्यांच्या ओठांवर आले. हे श्रेय अनेकदा इतरांच्या नावेही सांगितले गेले. गेल्या काही दशकांत मात्र अभ्यासकांच्या लिखाणामुळे कॉफमन यांचे नाव सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. त्या माणसाचे जीवन आणि राजकीय जुलुमाचा त्याच्या संगीतावर उमटलेला ठसा यांचा हा अल्प परिचय.

बोहेमियातील बालपण, बर्लिनमधील शिक्षण

वॉल्टर कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाद येथे झाला. उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे शहर तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते चेकोस्लोव्हाकियात आले आणि आज चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने ते ओळखले जाते. शहराची भाषा प्रामुख्याने जर्मन होती. मराठी आणि तेलुगू यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्या बिलोलीकरांना अशा दुभाषी सरहद्दीचे जीवन समजावून सांगण्याची गरज नाही. गोडवा आणि ताण दोन्ही तेथे शेजारी शेजारी नांदत असतात.

उच्च शिक्षणासाठी ते बर्लिनच्या सरकारी संगीत महाविद्यालयात दाखल झाले. १९२०च्या दशकातील बर्लिन म्हणजे नव्या संगीताची राजधानीच होती. अर्नोल्ड शोनबर्ग तेथील अकादमीत शिकवीत होते, पाउल हिंडेमिट महाविद्यालयात होते. शतकानुशतके चालत आलेली स्वरसंगतीची घडी मोडून काही नवे उभे करता येईल का, याचा शोध तरुण मंडळी घेत होती. कॉफमन यांचे रचनेचे गुरू होते फ्रान्झ श्रेकर. त्या काळी ऑपेराच्या जगात त्यांच्या नावाचा मोठा दबदबा होता. महाविद्यालयाचे संचालकही तेच होते. संगीतशास्त्राचे गुरू कुर्ट सॅक्स यांनी एरिक फॉन होर्नबोस्टेल यांच्यासह १९१४ साली जगभरातील वाद्यांचे वर्गीकरण सिद्ध केले होते.

या वर्गीकरणाबद्दल थोडे अवांतर सांगण्याचा मोह आवरत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केलेले आहेत. तारांची, फुंकून वाजवायची, कातडे मढवलेली आणि धातूची ठोस वाद्ये. एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील माहियों नावाच्या संग्रहपालाने ब्रसेल्सच्या संग्रहालयासाठी असेच चार वर्ग योजले. त्याच्या कामाच्या आधारे सॅक्स आणि होर्नबोस्टेल यांनी आपली मांडणी केली. म्हणजे कॉफमन भारतात येण्यापूर्वीच भारतीय विचाराचा एक धागा त्यांच्या अभ्यासाच्या वहीत विणला गेला होता. हे त्यांना तेव्हा जाणवले असो वा नसो!

बर्लिनमध्ये होर्नबोस्टेल यांनी जगभरच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह सांभाळला होता. कॉफमन यांनी प्रथम भारतीय संगीत ऐकले ते असे ध्वनिमुद्रणांतून. ते त्यांना अजिबात कळले नाही, आवडलेही नाही. परंतु ज्या संगीताला एवढा मोठा समाज मनापासून दाद देतो, त्यात काही अर्थ असणारच, आणि तो आपल्याला जाणवत नसेल तर उणीव आपल्या कानांत असली पाहिजे, असा विचार त्यांनी केला. त्या काळच्या युरोपीय विद्वानांत हा विनय दुर्मिळ होता. पुढे याच विनयाने त्यांना तारले.

अंधार दाटून येतो

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा आला. कुर्ट सॅक्स यांची पदे गेली; ते पॅरिसला आणि तेथून पुढे न्यूयॉर्कला गेले. श्रेकर यांना नाझींच्या दडपणाखाली त्याआधीच, १९३२ साली, संचालकपद सोडावे लागले होते. त्यांच्या नव्या ऑपेराचा प्रयोग रद्द झाला, तब्येत ढासळली आणि २१ मार्च १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा शिष्य मुंबईत येऊन जेमतेम महिना झाला होता. नोव्हेंबर १९३३मध्ये संगीतकारांसाठी सरकारी मंडळ स्थापन झाले. त्याचे सदस्यत्व नसेल त्याला जर्मनीत संगीतावर पोट भरणे अशक्य झाले आणि ज्यूंना ते सदस्यत्व मिळणे शक्य नव्हते. १९३८ साली डुसेलडॉर्फ येथे नव्या संगीताला अधःपतित ठरवणारे एक प्रदर्शनच भरविण्यात आले.

संगीतासारख्या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टीवर हुकूमशाहीची एवढी खुनशी नजर का असावी, असा प्रश्न वाचकांना पडेल. मला वाटते, हुकूमशहाला सर्वांनी एकाच सुरात गावे असे वाटते, आणि नवा सूर शोधणारा माणूस नेमके तेच करायला नकार देत असतो. ज्यूद्वेष तर होताच. नव्या संगीताविषयीचा तिटकारा त्याच्या जोडीला आला.

कॉफमन यांच्या बाबतीत एक प्रसंग विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी गुस्ताव मालर यांच्या संगीतावर प्रबंध लिहून पूर्ण केला होता. मालर हेसुद्धा बोहेमियात जन्मलेले ज्यू संगीतकार. पदवी हाताशी आली असताना कॉफमन यांना कळले की, त्यांचे प्राध्यापक गुस्ताव बेकिंग स्थानिक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत. त्यांनी ती पदवी घेण्यास नकार दिला. सत्तावीस वर्षांचेही वय नसलेल्या, नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाने केलेला हा त्याग लहान नव्हता. डॉक्टर हे बिरुद पुढे आयुष्यभर त्यांच्या उपयोगी पडले असते. त्यांच्या जीवनात जुलुमाविरुद्धची उघड कृती शोधू गेल्यास ती हीच. त्यांनी निषेधाची गीते रचली नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. अपवित्र हातांतून आलेला मान त्यांनी नाकारला आणि बोटीचे तिकीट काढले.

मुंबई

भारतच का, याचे उत्तर त्यांनी पुढे अगदी साधे दिले : भारताचा व्हिसा सहज मिळत होता. त्यामागे ध्वनिमुद्रणांनी जागवलेले कुतूहल होते आणि चित्रपट निर्माते मोहन भवनानी यांची जुनी ओळखही होती. फेब्रुवारी १९३४मध्ये ते मुंबईच्या बंदरात उतरले. मुक्काम थोडाच असणार होता. तो बारा वर्षांचा झाला. त्यांच्या पत्नी गेर्टी या थोर साहित्यिक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची होत. काफ्का १९२४ सालीच वारले होते आणि त्यांची जगभर कीर्ती होण्यास अद्याप अवकाश होता. महालक्ष्मी मंदिराच्या परिसरात, वॉर्डन रोडलगतच्या रेवा हाऊस या समुद्राकडे तोंड असलेल्या घरात कॉफमन राहू लागले.

येऊन काही महिने झाले नाहीत तोच, मे १९३४मध्ये, त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल होई. कॉफमन स्वतः पियानोवर, तरुण पारशी वादक मेहली मेहता व्हायोलिनवर आणि इटालियन वादक एडिजियो व्हेर्गा चेलोवर बसत. मेहली म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता यांचे वडील. मे १९३७पर्यंत या मंडळाच्या मैफलींची संख्या १३६ झाली होती. मुंबईसारख्या उकाड्याच्या शहरात, दमट हवेने व्हायोलिनच्या तारा सैल पडत असताना, आठवड्याला एक नवा कार्यक्रम तयार करणे म्हणजे काय, याची कल्पना वादकांनाच येईल. श्रोते थोडे असत : काही युरोपीय, काही पारशी, काही हौशी. बहुसंख्य मुंबईकरांना या मैफलींचा पत्ताही नव्हता, हे मान्य करावयास हवे.

त्या काळच्या मुंबईत पाश्चात्य वाद्ये सफाईने वाजवणाऱ्यांत गोव्याच्या कॅथलिक बांधवांचा वाटा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनचे धडे मिळत. ही मुले पुढे मुंबईत येऊन हॉटेलांतील बँड, मूकपटांचे वाद्यवृंद, सिंफनी वाद्यवृंद आणि चित्रपटसृष्टी अशा सर्व ठिकाणी रुजली. युरोपातून आलेल्या निर्वासिताला कागदावरचे स्वर तत्काळ वाचणारे वादक या शहरात आयते मिळावेत, ही त्या चर्चच्या शाळांचीच देणगी. हे वादक स्वतःही एका परकीय हुकूमशाहीचे प्रजाजन होते. पोर्तुगालमध्ये सालाझारची सत्ता १९३२पासून घट्ट झाली होती आणि गोव्यात सभास्वातंत्र्य वा मुद्रणस्वातंत्र्य नावालाही उरले नव्हते.

निर्वासितांनी मुंबईच्या कलाजीवनात घातलेली भर केवळ संगीतापुरती नव्हती. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर या मध्य युरोपातून आलेल्या मंडळींनी १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांना आधार दिला. त्या गटाचे अग्रणी फ्रान्सिस न्यूटन सोझा हे गोव्यातील साळगावच्या कॅथलिक घराण्यातले. छळातून निसटलेली माणसे जेथे पोहोचली, तेथे त्यांनी आपल्या परीने नवतेची बीजे पेरली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

धून कशी जन्मली

८ जून १९३६ रोजी भारतातील सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. त्याच सुमारास ही संकेतधून तयार झाली. १९३७पासून १९४६पर्यंत कॉफमन मुंबई केंद्रावर युरोपीय संगीत विभागाचे प्रमुख होते. धुनेत तंबोरा, व्हायोलिन आणि व्हियोला ही वाद्ये आहेत. व्हायोलिन मेहली मेहतांचे मानले जाते. तिचा स्वरमेळ शिवरंजनी रागाचा आहे. मूळ कल्पना त्यांच्याच व्हायोलिन आणि पियानोसाठी रचलेल्या एका सोनाट्यातून आली असावी, असे अभ्यासक सांगतात.

शिवरंजनीत पाचच स्वर : षड्ज, रिषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. मध्यम आणि निषाद वर्ज्य. भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनी होते. एका स्वराच्या फरकाने भूपाची प्रसन्नता जाऊन तेथे हुरहूर येते. पहाटेच्या वेळी, दिवस सुरू करण्यासाठी, एका परागंदा माणसाला हेच स्वर सुचावेत, यात मला तरी योगायोग दिसत नाही. मात्र त्या हुरहुरीत आक्रोश नाही. तंबोरा खाली अखंड वाजत राहतो आणि व्हायोलिन त्यापासून फार दूर जात नाही. पाश्चात्य संगीतातील स्वरसंगती एका आधारावरून दुसऱ्या आधारावर उडी घेत पुढे सरकते. येथे आधार एकच. ज्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली गेली, त्याला न हलणाऱ्या षड्जाची ओढ लागली असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

मुंबईच्या काळात त्यांनी रचलेल्या इतर कृतींतही हा बदल ऐकू येतो. चार तंतुवाद्यांसाठीचे त्यांचे अकरावे क्वार्टेट त्यासाठी ऐकावे. बर्लिनच्या शिक्षणाची छाप तेथे पुसली गेलेली नाही. स्वरसंगती आधुनिक आहे, लयीला धार आहे. परंतु स्वररेषा रागाप्रमाणे थोड्या स्वरांच्या बीजातून वाढत जाते, पुन्हा मूळ स्वरावर येऊन विसावते. वर हिंदुस्थानी नक्षी आणि खाली युरोपीय भिंत, असे तिचे स्वरूप नाही. भारतीय रंग फासून युरोपीय श्रोत्याला मोहविणारे संगीतकार तेव्हा पुष्कळ होते. कॉफमन त्यांच्यापासून वेगळे ठरतात, कारण ते पाहुणे म्हणून आले नव्हते. परतण्याची वाट बंद झालेली होती. १९४३ साली त्यांनी भारतीय सिंफनी रचली. त्याआधी अनसूयेच्या कथेवर रेडिओसाठी ऑपेरा रचला आणि तो मुंबई केंद्रावरून प्रसारितही झाला. चित्रपटांसाठीही त्यांनी काम केले.

ते केवळ शहरात बसून राहिले नाहीत. मध्य भारतातील गोंड आणि बैगा यांच्या लोकगीतांवर त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली त्यावरचा लेख अमेरिकेतील एका मान्यवर संगीत त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरांत गोंड बांधवांची वस्ती आहे. त्यांच्या गाण्यांना संगीत म्हणून स्वरलिपीत उतरवण्याचे कष्ट त्या काळी कितीजणांनी घेतले असतील?

रेडिओची दुसरी बाजू

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. कॉफमन यांना आसरा देणारा रेडिओ ब्रिटिश सरकारचा होता. याच मुंबई केंद्रावर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी आपल्या गायनाच्या शेवटी वंदे मातरम् सुरू करताच प्रसारण बंद करण्यात आले. मास्तरांनी त्यानंतर बरीच वर्षे रेडिओवर पाऊल ठेवले नाही. कॉफमन यांचे स्नेही भवनानी यांनी मुन्शी प्रेमचंद यांच्याकडून लिहून घेतलेला गिरणी कामगारांवरील चित्रपट १९३४ साली मुंबईत सेन्सॉरने अडवला. एकाचे आश्रयस्थान तेच दुसऱ्याचे बंदिगृह, असे तेथे घडत होते.

आपल्या मराठवाड्यात तर ब्रिटिश नव्हे, निजामाची राजवट होती. १९३८ साली हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली. शेकडो विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. १९४६ साली बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांना हौतात्म्य आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. डुसेलडॉर्फमध्ये संगीताला अधःपतित ठरविणारे प्रदर्शन भरले तेही १९३८चेच साल, हे पाहिले की मन क्षणभर थबकते. दोन्हीकडे कोणीतरी ठरवीत होते की, अमुक गाणे कोणी म्हणावयाचे नाही.

कॉफमन यांनी वसाहतवादी सत्तेविरुद्ध काही केल्याची नोंद नाही आणि त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवणेही योग्य होणार नाही. ज्याच्या हाती परतीचे पारपत्र उरले नाही, तो ज्या अंगणात उभा आहे त्याच्या मालकाशी भांडण काढत नाही. १९३९ साली युद्ध सुरू होताच भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना, त्यांत ज्यू निर्वासित आणि ख्रिस्ती मिशनरीही होते, अहमदनगर, देवळाली, पुरंदर, सातारा अशा ठिकाणी छावण्यांत ठेवण्यात आले होते. निर्वासिताच्या डोक्यावर टांगलेली तलवार ती हीच.

मागे राहिलेले

ऑक्टोबर १९३८मध्ये जर्मनीने कार्ल्सबादसह सुदेतेन प्रदेश गिळला. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरच्या त्या कुप्रसिद्ध रात्री, कार्ल्सबादचे सिनेगॉग जाळण्यात आले. मार्च १९३९मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. प्रागचे साहित्यिक विली हास, काफ्का यांच्या परिचयातील आणि पुढे त्यांच्या पत्रांचे संपादन करणारे, हे त्यानंतर मुंबईस पोहोचले. त्यांना येथे आणण्यात कॉफमन यांचा मोठा हात होता. हास यांनी भवनानींच्या चित्रपटांसाठी कथा लिहिल्या. कॉफमन यांना सर्वांना आणता आले नाही. गेर्टी यांच्या मातोश्री एली, म्हणजे काफ्का यांच्या बहिणींपैकी थोरल्या, १९४१ साली लोड्झच्या बंदिस्त वस्तीत पाठविल्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून गेल्या.

त्याच पिढीतील, त्याच भूमीतील संगीतकारांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून कॉफमन यांचे जीवन नीट समजत नाही. व्हिक्टर उलमन, पावेल हास, हान्स क्रासा यांना तेरेझिनच्या छावणीत डांबण्यात आले. उलमन यांच्या आईवडिलांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला होता. नाझींच्या वंशशास्त्राला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. क्रासा यांच्या मुलांसाठीच्या ऑपेराचे त्या छावणीत ५५ प्रयोग झाले. गाणारी बहुतेक मुले पुढे वाचली नाहीत. ऑक्टोबर १९४४मध्ये या तिघांनाही ऑश्विट्झला नेऊन ठार मारण्यात आले. आणखी एक बंडखोर संगीतकार एर्विन शुल्होफ १९४२ साली व्युल्झबुर्गच्या कैदेत मरण पावले. ही सारी माणसे कॉफमन यांच्यापेक्षा थोडीच वडील होती.

मुंबईत शिवरंजनीची ती धून रोज पहाटे वाजत होती, तेव्हा पलीकडे हे घडत होते. वॉर्डन रोडच्या सज्जातून समुद्राकडे पाहताना पत्र येत नाही म्हणून त्या घरातील माणसे काय सोसत असतील, हे आपण आपल्या मनाशीच जाणावे.

पुढील प्रवास

१९४६ साली कॉफमन लंडनला गेले, तेथून कॅनडातील हॅलिफॅक्सला. १९४८मध्ये विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचे ते पहिले संचालक झाले आणि १९५७पर्यंत त्यांनी तो वाद्यवृंद नावारूपास आणला. तेथील पियानोवादिका फ्रेडा ट्रेपेल पुढे त्यांच्या जीवनसाथी झाल्या. १९५७पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन येथील संगीत विभागात त्यांनी वीस वर्षे अध्यापन केले. संगीतरचना थांबली नाही, परंतु आता त्यांच्यातील शास्त्रज्ञ पुढे आला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा जाडजूड ग्रंथ १९६८ साली आणि दाक्षिणात्य रागांवरील १९७६ साली प्रसिद्ध झाला. पौर्वात्य स्वरलिपी आणि तिबेटी बौद्ध पठण यांवरही त्यांनी ग्रंथ लिहिले. प्रागमध्ये पदवी नाकारणारा विद्यार्थी असा अखेर प्राध्यापक झाला.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचना त्यानंतर बराच काळ विद्यापीठाच्या कपाटात पडून होत्या. निर्वासनाने माणसाला नवे कान दिले, असे आपण कौतुकाने म्हणतो खरे, पण त्याची किंमतही पाहावयास हवी. ज्या श्रोतृवर्गासाठी तो घडला होता तो विखुरला, मारला गेला. भारतात त्याला ऐकणारे मूठभर होते, अमेरिकेत त्याचे भारतीयत्व परके ठरले आणि स्वतंत्र भारताला मुंबईच्या युरोपीय मैफलींचे स्मरण ठेवण्याचे कारण नव्हते. कोणत्याच देशाने त्याला आपला संगीतकार म्हणून वारसा सांगितला नाही. २०२० साली टोरांटो येथील एआरसी एन्सेम्बल या वादकगटाने त्यांच्या क्वार्टेट आणि सोनाट्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले. हा गट नाझी राजवटीने परागंदा केलेल्या संगीतकारांच्या रचना शोधून वाजवितो.

आता बिलोलीत घरोघरी रेडिओ राहिलेला नाही. मोबाइलवर मात्र ती धून सहज सापडते. परवा एका शाळकरी मुलाला ती ऐकवली. त्याने कान देऊन ऐकली, पुन्हा लावायला सांगितली आणि हे गाणे सुरू कधी होणार, असे विचारले. त्याचे आजोबा शेजारी बसले होते. ते हसले, आणि सवयीने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.